रँग्लर परांजपे : दहा रुपयांच्या दंडापलीकडे

मुक्काम_पोस्ट_दापोली

रँग्लर परांजप्यांचं नाव आज दोनच निमित्तांनी निघतं. एक, सई परांजपे यांचे आजोबा म्हणून. दुसरं, सावरकरांना दहा रुपये दंड करणारे फर्ग्युसनचे प्राचार्य म्हणून. नव्वद वर्षं जगून एवढी कामं केलेल्या माणसाचं एवढंच उरावं, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. जन्म १८७६, गाव मुर्डी, आमच्या दापोली तालुक्यातलं. नात्याने धोंडो केशव कर्व्यांचे भाऊ आणि कर्व्यांच्याच आधाराने शिकलेले. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, सीनिअर रँग्लर. हा मान मिळवणारे पहिले हिंदी. त्यानंतर हवी ती सरकारी नोकरी पायाशी आली असती. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिलेला होता, आजीव सभासद होऊन बेताच्या पगारावर वीस वर्षं शिकवण्याचा. तो पाळायला परत आले आणि १९०२ पासून दोन दशकं फर्ग्युसनचे प्राचार्य राहिले. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, त्याचे पहिले कुलगुरू. १९२१ ते २३ मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री, १९२७ मध्ये पुन्हा काही काळ मंत्री. मग लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या (ब्रिटिश मंत्रिमंडळात हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्यांच्या) सल्लागार कौन्सिलवर, मग लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, १९४४ ते ४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर, शेवटी १९५६ ते ५९ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. मध्ये लिहिणं चालूच. गोखल्यांचं आणि कर्व्यांचं छोटेखानी चरित्र, १९३१ चं ‘द क्रक्स ऑफ द इंडियन प्रॉब्लेम’, आणि ‘एटी-फोर नॉट आउट’ हे आत्मचरित्र. नावावरूनच कळेल की गृहस्थ स्वतःला फार गंभीरपणे घेत नसावेत.

आता माझं म्हणणं. त्या पिढीतल्या प्रत्येक माणसाला आपण एकच प्रश्न विचारतो : इंग्रजांच्या बाजूचा की विरुद्ध? उत्तर मिळालं की फाईल बंद. परांजपे नेमस्त, गोखल्यांचे शिष्य, १९१८ नंतर काँग्रेसबाहेर पडलेल्या लिबरल फेडरेशनमधले. म्हणजे ‘सरकारधार्जिणे’. संपलं.

पण त्यांना पडलेले प्रश्न बघा. मुलींच्या शाळेला पैसे कुठून आणायचे? महाराचा मुलगा वर्गात बसणार की व्हरांड्यात? माणूस विहिरीवर जाताना, मत देताना, लग्न करताना धर्म त्याच्या खांद्यावर बसलेला असेल, तर स्वराज्य आलं तरी काय बदलणार? ‘क्रक्स’ हे पुस्तक याच शेवटच्या प्रश्नाबद्दल आहे. हिंदुस्थानच्या दुखण्याचं मूळ सार्वजनिक जीवनावरच्या धर्माच्या पकडीत आहे, असं ते सांगतात. हा माणूस उघड नास्तिक होता आणि तरीही निवडणुका लढवत होता. आज कुठल्याही पक्षाच्या कुठल्याही मंत्र्याने हे करून दाखवावं.

इंग्रज जाऊन किती काळ लोटला. परांजप्यांचे प्रश्न गेले का? मग त्यांना अडगळीत का टाकायचं?

आता हाणा.

कऱ्हाकाठ

हाणतोच.

७ ऑक्टोबर १९०५. वंगभंगाविरुद्ध पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तेवीस वर्षांच्याही आतल्या एका विद्यार्थ्याने ती घडवून आणली. टिळक तिथे होते. आणि ‘उदारमतवादी’ प्राचार्यांनी काय केलं? दहा रुपये दंड आणि वसतिगृहातून हकालपट्टी. त्या काळचे दहा रुपये. ‘केसरी’त अग्रलेख आला, ‘हे आमचे गुरूच नव्हेत’. मथळा लोकांच्या तोंडी बसला, कारण तो लोकांच्या मनातलाच होता.

उदारमतवाद म्हणजे विरोधी मताला जागा देणं, असं आम्हाला शाळेत शिकवलं. एका पोराने स्वतःचे कपडे जाळले तर त्याला खोलीतून काढणारा माणूस उदारमतवादी कसा, हे धागाकर्त्यांनी सांगावं. बाकी पदांची यादी छान आहे. तिच्यातली निम्मी पदं कोणी दिली तेही लिहायचं होतं.

तळटीप

दोन गोष्टी स्पष्ट करतो, कुणाची बाजू न घेता. (घेतली तरी चालेल म्हणा, पण आधी तपशील.)

वसतिगृहातून काढलं, कॉलेजातून नाही. सावरकर फर्ग्युसनमधूनच बी. ए. झाले आणि १९०६ मध्ये बॅरिस्टरीसाठी लंडनला गेले. ‘कॉलेजातून काढून टाकलं’ असं जे सर्रास फिरतं ते चूक.

दुसरं, फर्ग्युसन हे खाजगी कॉलेज असलं तरी सरकारी अनुदान घेणारं होतं. टिळक-आगरकरांपासून सोसायटीत हाच वाद होता, संस्था जगवायची की तत्त्व. गोखले आणि त्यांच्यामागून परांजपे यांनी ठरवलं होतं की संस्था जगवायची. प्राचार्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला वसतिगृहातली चारशे-पाचशे ताटं दिसत असतात, असं मला वाटतं. (आकडा शब्दशः घेऊ नये.)

कऱ्हाकाठ

@तळटीप, अनुदानाचा मुद्दा ऐकायला बरा वाटतो, पण तारखा जुळवा. विद्यार्थ्यांनी राजकारणात पडू नये हे कार्लाइल साहेबाचं परिपत्रक ऑक्टोबर १९०५ चं, पण ते बंगालसाठी. सगळ्या हिंदुस्थानासाठीचं रिस्ले परिपत्रक १९०७ चं. म्हणजे परांजप्यांनी दंड केला तेव्हा मुंबई इलाख्यात असा हुकूम कुणी काढलेलाच नव्हता. सरकारने सांगायच्या आधीच यांनी केलं. त्याला संस्था जगवणं म्हणत नाहीत.

झणझणीत_मिसळ

परांजपे तर त्या होळीला हजर होते की! भाषण पण केलं होतं. मग दंड कसा करतील? काहीही.

तळटीप

ते शिवराम महादेव परांजपे, ‘काळ’ पत्राचे संपादक. होळीला ते होते. दंड करणारे रघुनाथ पुरुषोत्तम. एकाच शहरात, एकाच होळीच्या दोन बाजूंना दोन परांजपे. यात दरवेळी कुणीतरी घसरतंच.

झणझणीत_मिसळ

पुण्यात दगड मारला तर परांजप्याला लागतो, आमचा काय दोष. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

गणिताचा_मास्तर

मला राजकारणात रस नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती कुणी करत नाही.

सीनिअर रँग्लर म्हणजे परीक्षेत पहिला. गणिती नव्हे. ती परीक्षा घोकंपट्टीची, वेगाची आणि क्लासवाल्या मास्तरांची होती. मॅक्सवेल दुसरा आला होता, केल्व्हिनही दुसरा. पहिले कोण आले ते किती जणांना आठवतं? केंब्रिजने स्वतःच १९०९ नंतर क्रमवारी लावणं बंद केलं, कारण या शर्यतीने गणिताचं नुकसान होतं हे त्यांच्या लक्षात आलं. आम्ही मात्र ‘रँग्लर’ ही उपाधी नावाच्या पुढे लावून शंभर वर्षं मिरवतोय.

परांजपे केंब्रिजनंतर पॅरिस आणि गटिंगेनला जाऊन आले. गटिंगेन म्हणजे त्या वेळची गणिताची पंढरी. सेंट जॉन्स कॉलेजची फेलोशिपही मिळाली. असा माणूस पुण्यात येऊन वीस वर्षं इंटरच्या पोरांना त्रिकोणमिती शिकवतो, हिशोब तपासतो, मुंबई कौन्सिलात, म्हणजे इलाख्याच्या कायदेमंडळात, भाषणं करतो. याला त्याग म्हणायची पद्धत आहे. मी नासाडी म्हणतो. ज्या देशात पहिल्या दर्जाचा गणिती घडू शकला असता, तिथे आपण एक चांगला प्रशासक घडवला. एक मात्र त्यांच्या खात्यावर लिहायला हवं : इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचं ग्रंथालय सुरुवातीची बरीच वर्षं फर्ग्युसनमध्ये होतं, ते त्यांच्यामुळे. देशभरच्या गणितवाल्यांना तिथून टपालाने नियतकालिकं जायची. माझ्या मते त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा हे काम मोठं.

मुक्काम_पोस्ट_दापोली

@गणिताचा_मास्तर, इंटरच्या पोरांना कुणी शिकवायचं नाही असं ठरलं तर गटिंगेनला पुढचा कोण जाणार? पण ग्रंथालयाबद्दल धन्यवाद, तो मुद्दा मी घ्यायला हवा होता असं वाचताना वाटलं.

@कऱ्हाकाठ, दंड चूकच होता, त्याचं समर्थन मी कुठे केलं? माझा प्रश्न असा की ज्या माणसाच्या आयुष्यात नव्वद वर्षं आहेत, त्यातला एकच ऑक्टोबर का मोजायचा. टिळकांना आपण मुलींच्या शिक्षणावरच्या अग्रलेखांवरून मोजतो का? नाही ना. १९२० साली पुण्यात सक्तीच्या शिक्षणाचा वाद पेटला, तेव्हा मुलांपुरतं आधी करा, मुलींचं नंतर बघू, असं म्हणणारे कोण होते आणि रमाबाई रानड्यांबरोबर, विठ्ठल रामजी शिंद्यांबरोबर रस्त्यावर कोण होतं, ते जरा आठवा.

महाडचा_ओढा

रस्त्यावर रमाबाई आणि शिंदे होते. बरोबर. त्या वाक्यात परांजपे कुठे आहेत, धागाकर्ते? त्यांच्या पंगतीत हळूच पाट मांडलात.

आता तुमचा ‘महाराचा मुलगा वर्गात की व्हरांड्यात’ हा प्रश्न घेऊ, कारण तो माझ्या घरचा आहे. १९२३ साली मुंबई कौन्सिलात ४ ऑगस्टला ठराव आला : सरकारी पैशातून बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. मांडला सीताराम केशव बोल्यांनी. भंडारी समाजातले, ब्राह्मणेतर चळवळीतले. सप्टेंबरात सरकारने त्याप्रमाणे खात्यांना आदेश काढले. शिक्षणमंत्री तेव्हा परांजपे. अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळेला अनुदान नाही, हेही त्याच वर्षीचं. कागदावर सगळं सुंदर.

मग काय झालं? आमच्या महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळं खुलं केलं. तेही कागदावर. तीन वर्षं एक घोट कुणी घेऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा तो कागद जिवंत झाला. आणि लगेच डोकी फुटली. तळं गोमूत्राने ‘शुद्ध’ केलं गेलं. खटला पुढे दहा वर्षं चालला, १९३७ मध्ये हायकोर्टाने निकाल दिला.

हाच तुमच्या उदारमतवादाचा हिशोब आहे. हुकूम काढायचा, त्यावर सही करायची आणि घरी जाऊन पुस्तक वाचायचं. हुकमामागे उभा राहायला माणसं लागतात. ती जमवायला गावात जावं लागतं, शिव्या खाव्या लागतात. परांजपे कुठल्या तळ्यावर गेले होते?

शब्दवेल्हाळ

@महाडचा_ओढा +१. ‘तो कागद जिवंत झाला’ हे पटलं.

फक्त एक. कागद नसता तर? बाबासाहेबांनी महाड निवडलं याचं एक कारण हेच की तिथे नगरपालिकेचा ठराव हातात होता. म्हणजे ‘आम्ही कायद्याने मिळालेला हक्क बजावतोय’ असं सत्याग्रहींना म्हणता आलं. बोले, परांजपे, महाडचे सुरबानाना टिपणीस या लोकांचं श्रेय ओंजळीएवढंसुद्धा नाही का?

महाडचा_ओढा

सुरबानानांचं आहे, पूर्ण आहे. ते गावात राहून उभे राहिले, जातवाल्यांचा राग ओढवून घेतला. बोल्यांचंही आहे. माझी तक्रार मंत्रिमहोदयांपुरती.

मुक्काम_पोस्ट_दापोली

@महाडचा_ओढा, तुमचं बरंचसं मान्य करूनही एका ठिकाणी अडतो. शाळेचं अनुदान बंद करणं म्हणजे ‘सही करून घरी जाणं’ नाही. गावच्या शाळेचा मास्तर आणि चालक मंडळ यांना ब्राह्मण-मराठ्यांचा धाक असतो. तो धाक भाषणाने जात नाही. पगार थांबेल म्हटलं की विचार सुरू होतो. पैशाची दोरी ओढून रूढी हलवता येते, हे मंत्रिपदावर बसून कुणीतरी ओळखलं होतं. आजही खाजगी शाळांतल्या राखीव जागांचं भांडण बघा, शेवटी अनुदानावर आणि परताव्यावर येऊन थांबतं.

तळ्यावर ते गेले नाहीत. खरं आहे. त्यांच्या स्वभावात ते नव्हतंच.

जिल्हा_लोकल_बोर्ड

मी इथे नेहमीचा वाचक, लिहीत नाही. पण शिक्षणमंत्री म्हणून त्यांचं कौतुक चाललंय तर १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याबद्दल बोला ना. त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट ती, आणि धाग्यात तिचं नाव नाही.

त्या कायद्याने प्राथमिक शाळा सरकारकडून जिल्हा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे गेल्या. सक्तीचं शिक्षण करायचं की नाही हे बोर्डाने ठरवायचं. योजना करा, सरकारकडे पाठवा, मंजूर झाली तर खर्चाचा वाटा मिळेल. आता बोर्डावर निवडून कोण येत होतं? सावकार, इनामदार, बडे शेतकरी. ज्यांच्या शेतावर ती पोरं गुरं राखत होती तेच! त्यांनी सक्ती करावी अशी अपेक्षा. सक्ती बहुतेक ठिकाणी आलीच नाही.

शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं आणि मोफत शिक्षण केलं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये. ज्यांना ‘जुन्या वळणाचे राजे’ म्हणायचं त्यांनी करून दाखवलं आणि केंब्रिजच्या रँग्लरने ‘बोर्डाला वाटलं तर’ असा कायदा केला. परांजप्यांनंतर शिक्षण खातं सत्यशोधक भास्करराव जाधवांकडे गेलं. ब्राह्मणेतरांना ते हवंच होतं, आणि का हवं होतं हे वरच्या परिच्छेदात आहे.

अजून एक. परांजपे कौन्सिलात कुठून यायचे? विद्यापीठाच्या मतदारसंघातून. मतदार कोण, तर पदवीधर. ज्या माणसाला आयुष्यात कधी शेतकऱ्याकडे मत मागायला लागलं नाही, त्याला त्याच्या पोराची शाळा कशी दिसणार?

तळटीप

@जिल्हा_लोकल_बोर्ड, रोज लिहीत जा हो.

शाहू महाराजांशी तुलना मात्र पूर्ण न्याय्य नाही. महाराजांची तिजोरी महाराजांकडे. १९१९ च्या सुधारणांनी जी द्विदल राज्यपद्धती आली, तीत शिक्षण, आरोग्य, शेती ही ‘सोपीव’ खाती हिंदी मंत्र्यांकडे आणि वित्त, पोलीस, महसूल ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या कौन्सिलरांकडे. म्हणजे शाळा काढायची जबाबदारी परांजप्यांवर आणि पैशाची किल्ली साहेबाकडे. शिक्षणमंत्र्याला पेन्सिलीलासुद्धा वित्त खात्याकडे हात पसरायचा. सक्ती बोर्डांवर सोडण्यामागे हेही एक कारण असणार, कारण अख्ख्या इलाख्याची सक्ती सरकारने अंगावर घ्यायची तर पैसा हवा.

जिल्हा_लोकल_बोर्ड

मग राजीनामा द्यायचा.

संयुक्त प्रांतात चिंतामणी आणि जगत नारायण हे दोघे मंत्री. दोघेही लिबरल. १९२३ मध्ये गव्हर्नरशी पटेना, दोघांनी राजीनामे फेकले. त्याच पक्षाची माणसं, तीच द्विदल पद्धत, तेच साल. परांजपे मात्र शेवटपर्यंत खुर्चीत. त्या वर्षअखेरच्या निवडणुकांत स्वराज्य पक्षाने लिबरलांचा जो धुव्वा उडवला तो उगाच नाही.

मुक्काम_पोस्ट_दापोली

या धाग्यावरचा आतापर्यंतचा सगळ्यात नेमका घाव हा. चिंतामणींचं उदाहरण मी टाळत होतो असं कुणी म्हणालं तर वाद घालणार नाही.

पण गोष्ट १९२३ ला थांबत नाही. पुढच्याच वर्षी सरकारने मडिमन समिती नेमली, सुधारणा कशा चालल्यात ते तपासायला. बहुमताने नेहमीप्रमाणे ‘किरकोळ दुरुस्त्या करा’ म्हटलं. चौघांनी वेगळा अहवाल दिला : ही पद्धतच फसली आहे, घटनाच बदलली पाहिजे. सह्या कुणाच्या? तेजबहादूर सप्रू, शिवस्वामी अय्यर, बॅरिस्टर जिना आणि परांजपे. जिनांच्या शेजारी परांजप्यांची सही, हा योग आज कुणाला सांगितला तर खोटा वाटेल. तीन वर्षं मंत्री राहिलेला माणूस सरकारच्याच समितीत बसून लिहितो की तुमचं यंत्र चालत नाही. ‘सरकारधार्जिणा’ हे करेल?

कऱ्हाकाठ

करेल. सरकारला विरोधी अहवाल चालतात, छापून कपाटात ठेवता येतात. होळी कपाटात ठेवता येत नाही.

आणि मडिमन अहवालावर सही केल्यावर तीनच वर्षांत हे गृहस्थ लंडनला भारतमंत्र्यांच्या कौन्सिलवर! १९२७ ते ३२. इकडे सायमनवर बहिष्कार चालू आहे, लाला लजपतराय लाठ्या खातात, दांडीयात्रा निघते, सोलापुरात मार्शल लॉ लागतो, आणि आपले रँग्लर लंडनच्या धुक्यात. सायमनवर लिबरल पक्षानेसुद्धा बहिष्कार टाकला होता, हे लक्षात घ्या. १९४२ मध्ये ‘सर’. बेचाळीस सालीच! सातारच्या पोरांनी पत्री सरकार काढलं त्या सुमाराला. यावर काय म्हणणं आहे?

अनुस्वार

इतके प्रतिसाद झाले, सगळे पुरुषच बोलताहेत असं दिसतंय, आणि सगळ्यांचा मुद्दा शेवटी ‘कोण किती वाकला’ इथेच येतोय. मला दुसरीकडे जायचंय.

परांजप्यांच्या आयुष्यातला सगळ्यात धाडसी भाग घरातला आहे. मुलगी शकुंतला. केंब्रिजला गणित शिकली. रशियन चित्रकाराशी लग्न केलं, ते टिकलं नाही, लहान मुलीला घेऊन परत आली. त्या काळच्या पुण्यात बापाने काय केलं असतं, याची कल्पना करायला फार हुशारी लागत नाही. इथे बापाने घर उघडं ठेवलं. ती ‘कुंकू’ सिनेमात दिसली, म्हणजे सर रघुनाथांची मुलगी पडद्यावर! आणि पुढे तिने रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचं काम हाती घेतलं. बायकांना समोर बसवून ती साधनं समजावून सांगायची. नंतर राज्याच्या विधान परिषदेत आणि राज्यसभेत तेच बोलली. आजोबांच्या घरात वाढलेली नात पुढे काय झाली ते सगळ्यांना माहीत आहे.

आता बोच. र. धों. कर्वे म्हणजे महर्षी कर्व्यांचा मुलगा, परांजप्यांचा पुतण्या लागतो. विज्ञाननिष्ठा तीच, नास्तिकपणा तोच. पण र. धों.नी संततिनियमनापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मराठीत काढलं, मरेपर्यंत, पदरमोड करून. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात वकील कोण, तर बाबासाहेब आंबेडकर. त्याच वर्षांत काका ‘क्रक्स’ लिहितात, इंग्रजीत, आणि ते छापलं जातं लंडनमध्ये. बुद्धिवाद्यांच्या संघटनेचं अध्यक्षपद भूषवतात. कुणी त्यांच्यावर खटला भरत नाही, कारण ज्यांना राग यायचा ते ते पुस्तक वाचतच नाहीत!

माझ्या आजीच्या ट्रंकेत ‘समाजस्वास्थ्य’चे अंक होते, जुन्या साड्यांच्या खाली लपवलेले. ‘क्रक्स’ तिच्या ट्रंकेपर्यंत कधी पोचलंच नसतं.

तेव्हा @कऱ्हाकाठ, ‘सर’ पदवीचं मला काही वाटत नाही. मला वाटतं ते याचं, की धर्माबद्दल इतकं स्वच्छ विचार करणाऱ्या माणसाने ते मराठीत, आपल्या माणसांसमोर, त्याच जोराने का मांडलं नाही.

महाडचा_ओढा

@अनुस्वार, तुम्ही ट्रंकेतून सांगितलंत, मी तळ्यावरून. मुद्दा एकच.

गणिताचा_मास्तर

तळं आणि ट्रंक ठीक, पण शकुंतलाबाईंनी गणित सोडलं हेही नासाडीच्या खात्यात मांडा. घराणंच तसं.

शब्दवेल्हाळ

मास्तर, तुम्ही थांबा.

@अनुस्वार, प्रश्न जबरदस्त आहे. पण उलटं विचारू का? र. धों. एकटे पडले, दारिद्र्यात गेले, त्यांचं मासिक त्यांच्याबरोबर संपलं. परांजप्यांनी जिथे हात लावला त्या संस्था उभ्या आहेत. फर्ग्युसन आहे, महिला विद्यापीठ आहे, पुणे विद्यापीठ आहे. समाजाला दोन्ही तऱ्हेची माणसं लागतात असं गुळमुळीत मी म्हणणार नाही. मला खरंच वाटतं की संस्था चालवणाऱ्याला काही गोष्टी हळू आवाजात बोलाव्या लागतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी पालक मुली काढून नेतात. महर्षी कर्व्यांनी स्वतः मुलाच्या कामापासून संस्थेला चार हात लांबच ठेवलं होतं.

अनुस्वार

म्हणजे पालकांनी मुली काढून नेऊ नयेत म्हणून मुलींना जे सर्वात आधी कळायला हवं ते सांगायचं नाही. बरं.

कऱ्हाकाठ

आणि सरकारने अनुदान काढून नेऊ नये म्हणून पोराला खोलीतून काढायचं. एकच हिशोब, फक्त गिऱ्हाईक वेगळं. मी पहिल्या प्रतिसादापासून हेच सांगतोय.

मुक्काम_पोस्ट_दापोली

@कऱ्हाकाठ, आणि तरीही त्याच माणसाने प्रवेश नाकारणाऱ्या शाळांचं अनुदान तोडायची भाषा केली. म्हणजे संस्था दुखावायची तयारी होती, फक्त कुठल्या प्रश्नावर दुखावायची हे त्याने निवडलं होतं. स्वदेशीच्या होळीवर नाही, अस्पृश्य मुलाच्या प्रवेशावर होय. ती निवड तुम्हाला पटत नाही, मला पटते. मराठीचं उत्तर माझ्याकडे नाही. ‘एटी-फोर नॉट आउट’ पुन्हा काढून बसतो, निदान ते स्वतः याबद्दल काय म्हणतात ते बघून इथे लिहितो.

झणझणीत_मिसळ

पुस्तक कुठे मिळेल? आणि कुठल्या परांजप्यांचं, ते आधी सांगा.